एच्. आय्. व्ही.वरील औषधे आणि मूत्रपिंड : ‘लक्षण’ या पदाचा एक विचार

‘लक्षण’ हा शब्द मराठीत दोन शास्त्रांच्या सामाईक मालकीचा आहे. नैयायिक आणि वैयाकरण लक्षण म्हणतात ते पदार्थाच्या व्याख्येला. वैद्य लक्षण म्हणतात ते रोगाच्या खुणेला. वरवर पाहता हे दोन अर्थ परस्परांपासून फार दूर गेलेले दिसतात. तथापि दोहोंच्या मुळाशी असलेली अपेक्षा एकच आहे : लक्ष्य असेल तेथे लक्षण असावे आणि लक्षण असेल तेथे लक्ष्य असावे. ही अपेक्षा ज्या तीन प्रकारांनी भंगते, त्यांना न्यायशास्त्रात अव्याप्ती, अतिव्याप्ती आणि असंभव असे दोष म्हटले आहे. गाय म्हणजे कपिल वर्णाचा पशू असे म्हटले तर पांढरी गाय सुटते, ही अव्याप्ती. गाय म्हणजे शिंगे असलेला पशू असे म्हटले तर म्हैसही आत शिरते, ही अतिव्याप्ती. गाय म्हणजे एकसंध खुराचा पशू असे म्हटले तर एकही गाय हाती लागत नाही, हा असंभव. तर्काच्या प्राथमिक पुस्तकातील ही उदाहरणे विद्यार्थ्यांना पाठ असतात आणि पाठ असल्यामुळेच ती निरुपद्रवी वाटतात. गाईच्या व्याख्येत चूक झाली म्हणून कोणाचे काही बिघडत नाही. तीच चूक रोगाच्या खुणेविषयी झाली म्हणजे मात्र ती माणसाच्या शरीरावर उमटते.

याचे एक ठळक उदाहरण एच्. आय्. व्ही.च्या उपचारात रोज घडत असते. भारतात या उपचाराची मोफत शासकीय योजना १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाली. आरंभीच्या मोजक्या केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते. देशातील राज्यांपैकी एच्. आय्. व्ही.बाधितांची सर्वांत मोठी संख्या महाराष्ट्रात आहे, असे २०२१ चे राष्ट्रीय अंदाज सांगतात. त्याच वर्षीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ रुग्णास प्रथम जी गोळी दिली जाते, तीत तीन औषधे एकत्र असतात : टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्ह्युडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्राव्हिर ५० मिलिग्रॅम. दिवसातून एक गोळी, आणि ती जन्मभर. मूत्रपिंड ठीक आहे किंवा नाही, हे ठरविण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन या द्रव्याचे प्रमाण मोजले जाते. क्रिएटिनिन वाढणे हे मूत्रपिंडाच्या बिघाडाचे लक्षण मानलेले आहे. आता या गोळीतील पहिले औषध क्वचित मूत्रपिंडाचा एक भाग बिघडवते आणि तसे होत असताना क्रिएटिनिन पुष्कळ दिवस वाढत नाही. तिसरे औषध बहुतेक प्रत्येक रुग्णाचे क्रिएटिनिन थोडे वाढवते आणि मूत्रपिंडाला काहीच करीत नाही. म्हणजे एकाच लक्षणाचे अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोन्ही दोष एकाच गोळीत एकत्र नांदतात.

विषयाच्या मांडणीपूर्वी एक भेद स्पष्ट केला पाहिजे. एच्. आय्. व्ही.च्या रुग्णाचे मूत्रपिंड केवळ औषधानेच बिघडते असे नाही. अमेरिकेत एड्सचे पहिले रुग्ण १९८१ मध्ये नोंदले गेले आणि १९८४ मध्येच, म्हणजे या विषाणूवरील एकही औषध अस्तित्वात नसताना, न्यूयॉर्क व मायामी येथील वैद्यांनी अशा रुग्णांत मूत्रपिंडाचा एक वेगाने वाढणारा विकार वर्णिला. तो विषाणूमुळेच होणारा विकार होय. तो प्रामुख्याने आफ्रिकी वंशाच्या लोकांत का आढळतो, याचा उलगडा २०१० साली एका जनुकाच्या शोधाने झाला. एपीओएल-१ नावाच्या या जनुकाचे जे दोन भेद निद्रारोगाच्या परोपजीवीपासून संरक्षण देतात, तेच मूत्रपिंडाला मात्र दुबळे करतात. भारतीयांत हे भेद जवळजवळ नसल्याने तो विकार येथे विरळा. शिवाय मधुमेह, रक्तदाब आणि क्षय यांचा वाटा असतोच. ‘औषधाने किडनी गेली’ या वाक्यातील तृतीया विभक्ती करणार्थी आहे की केवळ साहचर्यार्थी, हा प्रश्न म्हणून प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत स्वतंत्रपणे विचारावा लागतो. औषधाने विषाणू आटोक्यात आला म्हणजे विषाणूजन्य विकार उलट थांबतो, ही गोष्टही येथेच नमूद करणे उचित होईल.

मूत्रपिंडाशी उघड वैर धरणारे या वर्गातील पहिले प्रसिद्ध औषध म्हणजे इंडिनाव्हिर. १९९६ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि ज्या संयुक्त उपचाराने एड्सच्या मृत्यूंचा आलेख एकदम खाली आणला, त्याचा ते एक आधारस्तंभ होते. पण ते आम्लयुक्त द्रवातच नीट विरघळते. लघवीत त्याचे सुईसारखे स्फटिक जमतात आणि त्यांचे खडे बनतात. रुग्णाने दिवसाकाठी किमान दीड लिटर पाणी प्यावे, ही सूचना औषधाबरोबरच दिली जाई. कुशीत कळ, लघवीत रक्त, वांती असे त्याचे रूप. मूतखडा हा शब्द ज्या भाषेत आहे, त्या भाषेच्या रुग्णाला या दुखण्याचे वर्णन करण्यात कोणतीही अडचण नव्हती. अडचण होती ती यंत्राला. शुद्ध इंडिनाव्हिरचा खडा साध्या क्ष-किरणचित्रात दिसत नाही आणि मूतखड्याच्या शोधात एरवी निर्णायक मानल्या जाणाऱ्या सी. टी. चित्रातही दिसत नाही. ‘जो चित्रात दिसतो तो खडा’ हे लक्षण केल्यास त्या खड्याच्या बाबतीत नैयायिकांचा तिसरा दोषही पदरात पडतो. हे औषध आता प्रचारातून गेले आहे. २००३ मध्ये आलेल्या अटाझानाव्हिरनेही खडे होतात, पण कमी.

टेनोफोव्हिरची कथा निराळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे. हे द्रव्य प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ आन्तोनीन होली यांनी सिद्ध केले; बेल्जियममधील लूव्हेन येथील एरिक द क्लेर्क यांनी त्याच्या विषाणुविरोधी गुणांची परीक्षा केली. या कुळातील त्याची दोन भावंडे आधीच बदनाम झाली होती. सिडोफोव्हिर १९९६ मध्ये डोळ्याच्या एका विषाणुजन्य विकारासाठी मान्य झाले, पण त्याची मूत्रपिंडावरील विषक्रिया इतकी उघड होती की ते देताना संरक्षक औषध जोडीला द्यावेच लागे. अॅडेफोव्हिर एच्. आय्. व्ही.साठी पुढे आले, परंतु त्यासाठी लागणाऱ्या मात्रेत ते मूत्रपिंडाला बाधते असे दिसून आल्यामुळे १९९९ च्या अखेरीस तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तेच औषध केवळ १० मिलिग्रॅमच्या मात्रेत २००२ मध्ये कावीळ-बच्या उपचारासाठी स्वीकारले गेले. टेनोफोव्हिर या भावंडांच्या मानाने सौम्य ठरले. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली, आणि स्टाव्ह्युडिनसारख्या जुन्या औषधांनी गाल बसणे, पाय बधिर होणे हे जे भोग रुग्णांच्या माथी मारले होते, त्यांतून त्याने अक्षरशः लक्षावधी लोकांची सुटका केली. होली यांचे निधन १६ जुलै २०१२ रोजी झाले. त्यांच्या औषधाचा अंतर्भाव असलेल्या गोळीस, निरोगी माणसाला एच्. आय्. व्ही.पासून वाचविणारे औषध म्हणून, अमेरिकेत मान्यता मिळाली तीही त्याच दिवशी.

या औषधाचा घाव कोठे बसतो, हे समजण्यासाठी मूत्रपिंडाच्या रचनेकडे थोडे पाहिले पाहिजे. सामान्य माणूस मूत्रपिंडाला गाळणी म्हणतो. हे रूपक अर्धेच खरे आहे, आणि प्रस्तुत विषयात उरलेले अर्धेच महत्त्वाचे आहे. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म घटक असतात. त्या प्रत्येकाच्या तोंडाशी केशिकांचा एक गुच्छ असतो. तेथे रक्त गाळले जाते. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव अशा रीतीने गाळतात. परंतु लघवी होते ती दीड-दोन लिटर. उरलेले सारे, त्यातील साखर, मीठ, फॉस्फेट, अॅमिनो आम्ले यांसह, गुच्छापुढील लांब नलिका परत घेते. नलिकेच्या अगदी पहिल्या भागात, ज्याला निकट नलिका म्हणता येईल तेथे, मीठ-पाण्याचा सुमारे दोन-तृतीयांश भाग, जवळजवळ सर्व साखर आणि बहुतांश फॉस्फेट रक्तात परत जाते. गाळणीपेक्षा पाखडणाऱ्या सुपाची उपमा येथे अधिक शोभेल : टाकायचे ते टाकावे आणि ठेवायचे ते राखावे. टेनोफोव्हिर गाळणीला फारसे शिवत नाही. ते निवडणाऱ्या हाताला बधिर करते.

हे घडते ते असे. टेनोफोव्हिर शरीराबाहेर पडते ते मूत्रपिंडावाटेच. काही भाग गुच्छात गाळला जातो. काही भाग निकट नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून लघवीत टाकतात. या पेशीच्या रक्ताकडील भिंतीत वाहक प्रथिनांची एक जात असते, ती औषध आत ओढून घेते. लघवीकडील भिंतीत दुसरी असते, ती ते बाहेर टाकते. आत येण्याचा दरवाजा मोठा आणि जाण्याचा लहान असला म्हणजे औषध पेशीत साचते. या पेशींना अहोरात्र काम असल्यामुळे त्यांत तंतुकणिका, म्हणजे पेशीला शक्ती पुरविणारे मायटोकॉन्ड्रिया, दाटीवाटीने भरलेल्या असतात. साचलेल्या औषधाचा मारा त्यांच्यावर होतो. बाधित रुग्णाच्या मूत्रपिंडाचा तुकडा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास या कणिका फुगलेल्या, वेड्यावाकड्या झालेल्या दिसतात. रिटोनाव्हिरसारखे औषध जोडीला असेल तर रक्तातील टेनोफोव्हिरची पातळी वाढते आणि धोकाही वाढतो. वय अधिक, वजन कमी, आणि मूत्रपिंड पूर्वीच दुबळे असेल तर तो आणखी वाढतो. वजनाचा मुद्दा विशेष ध्यानात ठेवण्याजोगा आहे. त्याकडे पुढे वळावयाचे आहे.

पूर्ण रूपाला पोचलेल्या या विकाराला, झुरिचचे बालरोगतज्ज्ञ ग्विडो फान्कोनी यांच्या नावावरून, फान्कोनी लक्षणसमुच्चय म्हणतात. टेनोफोव्हिरने तो झाल्याची पहिली नोंद २००२ मध्ये, म्हणजे औषधाच्या मान्यतेनंतर वर्षभरातच, प्रसिद्ध झाली. लघवीतून साखर जाते, पण रक्तातील साखर साधारण असते. फॉस्फेट वाहून जाते, अॅमिनो आम्ले वाहून जातात, लहान आकाराची प्रथिने जातात, रक्ताची आम्लता वाढते. अशा पूर्ण विकाराचे रुग्ण विरळा आहेत. अपूर्ण, सावकाश चालणारी नलिकेची हानी त्याहून पुष्कळ अधिक आढळते. अमेरिकेच्या माजी सैनिकांपैकी १०,८४१ एच्. आय्. व्ही.बाधितांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. टेनोफोव्हिर घेतल्याच्या दर वर्षामागे लघवीतून प्रथिने जाण्याचा धोका शेकडा ३४ ने आणि मूत्रपिंडाच्या दीर्घ विकाराचा धोका शेकडा ३३ ने वाढतो, असे त्यात दिसून आले. हे आकडे धोक्याच्या वाढीचे आहेत, रुग्णांच्या संख्येचे नव्हेत. हा भेद वृत्तपत्रांत वारंवार पुसला जातो आणि मग शंभरांतील तेहतीस जणांचे मूत्रपिंड जाते अशी वार्ता पसरते.

आता मराठीचा प्रश्न उपस्थित होतो. मूत्रपिंडाच्या दुखण्याविषयी मराठीत जी शब्दसंपत्ती आहे, ती बहुतेक सारी लघवीच्या अनुभवावर उभी आहे : मूतखडा होणे, लघवी तुंबणे, उन्हाळी लागणे, लघवी लाल होणे, त्याखेरीज तोंडावर-पायांवर सूज येणे. गोळ्या ‘उष्ण पडतात’ म्हणून लघवीला आग होते, ही समजूत तर घरोघरची आहे, आणि त्यावर धन्या-जिऱ्याच्या पाण्यापासून सब्जापर्यंतचे उपाय ठरलेले आहेत. निकट नलिका बिघडली असता यांपैकी काहीच होत नाही. लघवी भरपूर होते, जळजळत नाही, सूज येत नाही. जे दुखते ते हाड. फॉस्फेट वाहून गेल्याने हाडात खनिज नीट बसत नाही. शिवाय ड जीवनसत्त्वाला कार्यक्षम रूप देण्याचे कामही याच नलिकेच्या पेशी करीत असल्याने तीही वाट अडते. हाडे मऊ पडतात, कधी बारीक भेगा जातात, मांड्यांतले बळ जाते. अशा माणसाची तक्रार काय असेल? कंबर धरते, बरगड्या दुखतात, मांडी घातली की उठवत नाही, जिना चढवत नाही, अंग मोडून येते. या वाक्यांत मूत्रपिंडाचे नाव नाही, आणि ऐकणाऱ्याच्या मनातही ते येत नाही. दुखणे वयावर, कष्टावर, वातावर ढकलले जाते.

पुढची पायरी अधिक अनर्थाची आहे. कंबर दुखते म्हणून माणूस औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅकची गोळी आणतो. ही आणि या वर्गातील इतर वेदनाशामके मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. टेनोफोव्हिर चालू असताना ती घेतल्यामुळे मूत्रपिंड एकाएकी बंद पडल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेली आहेत, आणि टेनोफोव्हिरच्या माहितीपत्रकातही तसा इशारा असतो. ज्या दुखण्याने मूत्रपिंडाची आठवण व्हावयाची, त्याच दुखण्यावरचा उपाय मूत्रपिंडावर दुसरा घाव घालतो. रुग्णाला ‘लघवीचा काही त्रास आहे का?’ असे विचारून येथे भागत नाही. ‘हाडे दुखतात का? दुखण्यावर कोणती गोळी घेता?’ असेच विचारावे लागते.

लघवीच्या साध्या तपासणीतूनही संदेश अपुराच मिळतो. पट्टी बुडवून केली जाणारी परीक्षा मुख्यतः अल्ब्युमिन हे प्रथिन ओळखते, आणि ते गाळणी फाटली असता जाते. नलिका बिघडली असता जी लहान प्रथिने जातात, ती पट्टीला नीट कळत नाहीत. रक्तातील साखर साधारण असून लघवीत साखर सापडली, तर मात्र ती मोलाची खूण होय. पण तीही आता निरपवाद राहिलेली नाही. मधुमेहासाठी अलीकडे सर्रास दिली जाणारी डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे मुद्दामच लघवीतून साखर घालवतात. ती घेणाऱ्याच्या लघवीत साखर असणे हा औषधाचा गुण आहे, अवगुण नव्हे.

क्रिएटिनिनविषयी तर एक चमत्कारिक व्युत्पत्ती सांगण्यासारखी आहे. क्रिएटिन हे नाव फ्रेंच रसायनज्ञ शव्ह्रल यांनी १८३२ मध्ये मांसाच्या अर्कातून काढलेल्या द्रव्याला दिले; त्यापासून बनणाऱ्या क्रिएटिनिनचे नाव जर्मन रसायनज्ञ लीबिग यांनी पुढे रूढ केले. मुळाशी ग्रीक ‘क्रेआस्’ हा मांसवाचक शब्द आहे, आणि त्याचा सगोत्र शब्द संस्कृतात ‘क्रव्य’ म्हणून आहे. मांसभक्षक प्राण्याला क्रव्याद म्हणतात, तो याच शब्दावरून. हे केवळ भाषाशास्त्रीय कौतुक नव्हे. क्रिएटिनिन हे मांसाचे, म्हणजे स्नायूंचे द्रव्य आहे. ज्याच्या अंगावर मांस अधिक, त्याच्या रक्तात ते अधिक येते; जो कृश, त्याच्या रक्तात कमी. मूत्रपिंडाच्या नावाने छापला जाणारा हा आकडा मूळचा स्नायूंचा आहे, याचा विसर प्रयोगशाळेचा अहवाल वाचताना पडतो.

त्याचा परिणाम एका साध्या हिशेबाने दाखविता येईल. कॉकक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी १९७६ मध्ये दिलेले सूत्र आजही औषधाची मात्रा ठरविताना वापरतात : १४० मधून वय वजा करावे, येणाऱ्या संख्येला किलोतील वजनाने गुणावे, आणि क्रिएटिनिनच्या ७२ पटीने भागावे, स्त्री असल्यास उत्तराला ०.८५ ने गुणावे. ४५ वर्षांचा, ७५ किलो वजनाचा पुरुष घ्यावा, क्रिएटिनिन १.०. उत्तर येते मिनिटाला ९९ मिलिलिटर. ४५ वर्षांचीच, पण ४० किलो वजनाची स्त्री घ्यावी. क्रिएटिनिन तेच १.०. उत्तर येते सुमारे ४५. दोघांच्या अहवालांत एकच आकडा आहे आणि दोघांच्याही बाबतीत तो छापील मर्यादेत बसतो. परंतु टेनोफोव्हिर सुरू करण्यासाठी सामान्यतः ५० ची मर्यादा पाळली जाते आणि तीखाली अबाकाव्हिरसारखे दुसरे औषध निवडले जाते. म्हणजे पुरुषाला जे निर्धोक, ते त्या स्त्रीला विचारणीय. क्षयाने किंवा उपासमारीने खंगून, उपचाराला उशिरा येणारी माणसे जेथे पुष्कळ आहेत, तेथे ‘क्रिएटिनिन नॉर्मल आहे’ हे वाक्य वजनाच्या उल्लेखावाचून अपूर्णच मानले पाहिजे. सकर्मक क्रियापद कर्मावाचून उच्चारावे तसे ते आहे.

दुसरा दोष डोल्युटेग्राव्हिरचा. २०१३ मध्ये अमेरिकेत मान्य झालेले हे औषध अत्यंत प्रभावी आहे आणि त्याच्याविरुद्ध विषाणूला सहजी तोंड काढता येत नाही. क्रिएटिनिनचा बराचसा भाग गुच्छात गाळला जातो, पण थोडा भाग नलिकेच्या पेशी उचलून लघवीत टाकतात. डोल्युटेग्राव्हिर या उचलणाऱ्या वाहकाला अडवते. तेवढे क्रिएटिनिन रक्तात मागे राहते. साधारणतः पहिल्या चार आठवड्यांत ते ०.१० ते ०.१५ मिलिग्रॅमने वाढते आणि मग तेथेच स्थिरावते. निरोगी स्वयंसेवकांत आयोहेक्झॉल हे केवळ गाळले जाणारे द्रव्य टोचून पाहिले असता गाळण्याचा वेग मुळीच बदललेला नाही असे आढळले. २०१२ पासून वापरात असलेले कोबिसिस्टॅट, आणि एच्. आय्. व्ही.च्या रुग्णांना नित्य दिल्या जाणाऱ्या कोट्रायमोक्सॅझोलमधील ट्रायमेथोप्रिम, यांचीही तऱ्हा अशीच आहे. वरच्याच स्त्रीचे क्रिएटिनिन औषधापूर्वी ०.८५ होते असे धरले, तर सूत्राने ५३ येतात. औषध सुरू झाल्यावर ते १.० झाले की ४५. मूत्रपिंड जसेच्या तसे असून कागदावर तिने मर्यादा ओलांडली. हा आकडा पाहून चांगली गोळी बंद केली, तर ती अतिव्याप्तीची किंमत. उलट, सहा महिन्यांनी क्रिएटिनिन खरोखरच चढू लागले असता ‘हे त्या गोळीमुळे वाढतेच’ म्हणून सोडून दिले, तर ती अव्याप्तीची. चौथ्या आठवड्यानंतरचा आकडा नवी आधाररेषा म्हणून नोंदून ठेवावा आणि पुढील प्रत्येक आकडा त्याच्याशी ताडावा, यापलीकडे सोपा मार्ग नाही.

या संदर्भात ‘दुष्परिणाम’ हा रूढ पर्याय तपासून पाहण्यासारखा आहे. त्यातील ‘दुस्’ हा उपसर्ग निर्णय आधीच देऊन टाकतो. डोल्युटेग्राव्हिरने क्रिएटिनिन वाढणे हा परिणाम आहे, दुष्परिणाम नाही. ‘अनुषंगिक परिणाम’ हा शब्द अधिक नेमका, पण तो समुपदेशकाच्या टेबलावर कोणी उच्चारणार नाही. बोलीत ‘साइड इफेक्ट’ आला आहे खरा, परंतु त्याने मूळ भाषेतील तटस्थपणा मराठीत येताना टाकून दिला आणि ‘दुष्’चाच अर्थ धारण केला, ‘साइड इफेक्ट आहे’ म्हणजे वाईटच आहे. बोलीतच असलेले ‘बाधणे’ हे क्रियापद मात्र फार उपयुक्त आहे. औषध ‘बाधले’ म्हणताना कोणाला, कधी आणि कशाबरोबर, हे प्रश्न आपोआप येतात. एकाला बाधलेले वांगे दुसऱ्याला बाधत नाही, हे सर्वांना ठाऊक असते. ‘ही गोळी किडनी खराब करते’ या वाक्यात जे सार्वत्रिक विधान दडले आहे, ते ‘ही गोळी एखाद्याला बाधते, म्हणून तपासायचे’ या वाक्यात नाही.

हा केवळ शब्दांचा काथ्याकूट नव्हे. पहिले वाक्य ऐकून रुग्ण गोळ्या सोडतो. गोळ्या सोडल्याने काय होते, हे ३३ देशांतील ५,४७२ रुग्णांवर झालेल्या ‘स्मार्ट’ या चाचणीने दाखविले आहे. औषधांचा त्रास टळावा या हेतूने त्यात निम्म्या रुग्णांचे उपचार मधूनमधून थांबविण्यात आले होते. जानेवारी २००६ मध्ये ती नवी भरती बंद करून आवरती घ्यावी लागली, कारण उपचार थांबविलेल्यांत मृत्यू आणि संधिसाधू रोग अधिक झाले. इतकेच नव्हे तर हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांचे गंभीर विकारही त्यांच्यातच अधिक आढळले. मूत्रपिंड वाचविण्यासाठी औषध सोडणाऱ्याचे मूत्रपिंडही वाचत नाही.

टेनोफोव्हिर बदलण्याची वेळ आलीच तर ती वैद्याच्या हातून यावी, याला आणखी एक कारण आहे. हे औषध कावीळ-बच्या विषाणूवरही चालते. ज्याला दोन्ही संसर्ग आहेत, त्याचे टेनोफोव्हिर पर्यायावाचून काढून घेतले तर मूत्रपिंडाऐवजी यकृत पेटते. वेळीच थांबविल्यास नलिका काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बहुधा सावरते, मात्र गाळण्याचा वेग प्रत्येक वेळी पूर्ववत होतोच असे नाही. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मान्य झालेले टेनोफोव्हिर अॅलाफेनामाइड हे त्याचे नवे रूप पेशीच्या आत शिरल्यावरच मोकळे होते; त्यामुळे अवघ्या २५ मिलिग्रॅममध्ये काम भागते आणि रक्तद्रवातील टेनोफोव्हिरची पातळी शेकडा ९० ने कमी राहते. मूत्रपिंड आणि हाडे या दोहोंना ते सौम्य आहे. वजन व रक्तातील मेद वाढण्याकडे त्याचा कल दिसतो.

क्रिएटिनिनला पर्याय म्हणून सिस्टॅटिन-सी या प्रथिनाचा उपयोग होऊ लागला आहे. ते शरीरातील सर्वच पेशी बनवतात, म्हणून स्नायूंच्या कमी-अधिकपणाशी त्याचा संबंध फार थोडा. आणि डोल्युटेग्राव्हिर ज्या वाहकाला अडवते, त्या वाटेने ते जातच नाही. कृश रुग्णाच्या बाबतीत आणि नवी गोळी सुरू झाल्यानंतरच्या संशयास्पद आकड्याच्या बाबतीत ते म्हणून अधिक विश्वासाचे. परंतु तेही दोषमुक्त नाही. शरीरात दाह चालू असला, थायरॉइड ग्रंथीचे काम वाढलेले असले, किंवा माणूस धूम्रपान करीत असला, तर मूत्रपिंड धडधाकट असतानाही सिस्टॅटिन-सी वाढते. आणि उपचार न झालेला एच्. आय्. व्ही. हा स्वतःच दाहाचे एक मोठे कारण आहे.